रात्री तीन-चारदा उठावं लागतं : दोष प्रोस्टेटचा की रक्तवाहिन्यांचा?

घुबड५८
नमस्कार मंडळी. वय ५८. दीड-दोन वर्षांपासून रात्री लघवीला उठावं लागतं, आधी एकदा, मग दोनदा, आता तीनदा तर ठरलेलंच आणि अधूनमधून चौथी फेरीही होते. सोनोग्राफी झाली, प्रोस्टेट ४२ ग्रॅम निघालं, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) व्यवस्थित, डॉक्टर म्हणाले वयोमानाप्रमाणे आहे. त्यासाठी टॅमसुलोसिन ही गोळी सुरू होऊन चार महिने झाले. दिवसा खरंच फरक पडलाय, धार सुधारली, भिंतीकडे बघत ताटकळत उभं राहणं संपलं. पण रात्रीचं रडगाणं जसंच्या तसं. बीपी आहे सहा वर्षांपासून, गोळी नियमित.

आता मुद्दा. एका ओळखीच्या गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितलं की प्रोस्टेट वाढणं हा मुळात रक्तवाहिन्यांचा आजार आहे, शिरांमधल्या झडपा बिघडतात, रक्त उलटं येऊन प्रोस्टेटमध्ये तुंबतं आणि बीपी, हृदय, प्रोस्टेट, रात्रीची लघवी हे सगळे एकाच माळेचे मणी. ऐकायला पटतं हो, पण ऐकायला पटणाऱ्या गोष्टींनी मला आजवर बरंच फसवलंय म्हणून इथे विचारतोय. यात तथ्य किती? आणि गोळीने दिवस सुधारला तर रात्र का नाही?

खडूस
चारदा उठता म्हणजे पाचदा झोप लागते की तुम्हाला! आम्हाला एकदा लागायची मारामार.

जुनंखोड
गोळीने दिवस सुधारला आणि रात्र नाही, हे वाक्य माझंच आहे. सविस्तर लिहितो संध्याकाळी, आत्ता फक्त हजेरी.

मीरा_
पुरुषांच्या धाग्यात घुसतेय, रागावू नका. वय ५२, मला प्रोस्टेट नाही आणि तरी मी रात्री दोनदा उठते. माझ्या आईला पण सवय होती. त्यामुळे पन्नाशीचा पुरुष रात्री उठला की सगळे लगेच प्रोस्टेटकडे बोट दाखवतात याचं मला नेहमी हसू येतं. आम्ही कोणाकडे बोट दाखवायचं?

सूक्ष्मदर्शी
मीराताईंनी एका ओळीत अर्धा धागा संपवला. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही, तेव्हा हे सगळं त्या बेताने घ्या.

रात्री उठण्याची कारणं ढोबळमानाने दोन दुकानांत वाटलेली आहेत. एक साठवणीचं : मूत्राशय लहान झालंय, चिडकं झालंय किंवा प्रोस्टेटमुळे पूर्ण रिकामंच होत नाही, म्हणून लवकर भरतं. दुसरं उत्पादनाचं : मूत्राशय ठीक आहे पण मूत्रपिंडं रात्री लघवीच जास्त बनवतायत. टॅमसुलोसिन पहिल्या दुकानातलं औषध. प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाशी जे स्नायू असतात ते सैल करतं, वाट मोकळी होते. पण नळच मोठा सोडलेला असेल तर मोरीचं भोक मोठं करून बादली भरायची थांबणार आहे का?

तरुण माणसात रात्री व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक वाढतं, ते मूत्रपिंडांना सांगतं पाणी राखून ठेवा. म्हणून रात्रीची लघवी थोडी आणि गडद. वयाबरोबर ही रात्रीची वाढ मंदावते. शिवाय हृदय, पायातल्या शिरा, बीपी, झोपेतला श्वास हे सगळे त्या नळाला हात लावू शकतात. म्हणजे रक्तवाहिन्यांचा संबंध आहेच, पण तुमच्या त्या गृहस्थांनी सांगितला तिथेच असेल असं नाही.

आणखी एक, प्रोस्टेटचा आकार आणि त्रास यांचं प्रमाण जुळत नाही. ८० ग्रॅमवाला शांत झोपतो आणि ३० वाला तळमळतो, असं सर्रास दिसतं. त्या ४२ आकड्याला फार धरून बसू नका.

हिशोबनीस
मग आधी मोजा ना राव! अंदाजपंचे बोलण्यात काय अर्थ आहे. तीन दिवस वही ठेवायची. एक मोजपात्र घ्या, प्रत्येक वेळी किती मिली आणि किती वाजता ते लिहा, काय आणि किती प्यालो ते पण. झोपायला जायच्या आधीची शेवटची लघवी दिवसात धरायची, त्यानंतरच्या सगळ्या आणि सकाळी उठल्यावरची पहिली रात्रीत धरायची. इथेच सगळे चुकतात, सकाळची दिवसात टाकतात. ती रात्रभर बनलेली असते, तिला रात्रीच्याच खात्यात लिहा.

मग रात्रीची बेरीज भागिले २४ तासांची बेरीज. ६५ च्या पुढे ३३ टक्क्यांवर गेली तर रात्रीचं उत्पादन जास्त असं धरतात, तरुणांत ही मर्यादा २० टक्के आहे. तुम्ही मधले, त्यामुळे तुमची मर्यादा पण मधलीच समजा.

आणि प्रत्येक वेळचा आकडा बघा. प्रौढ मूत्राशय साधारण ३०० ते ५०० मिली धरतं. दरवेळी ८०-१०० निघत असेल तर साठवणीची भानगड. २५०-३०० निघत असेल तर मूत्राशय आपलं काम चोख करतंय, उगाच त्याला शिव्या घालू नका.

तिरपागडे
मोजपात्र घ्या पण स्वयंपाकघरातलं घेऊ नका, घटस्फोटाचा वेगळा धागा काढावा लागेल.

निवृत्त_सिस्टर
घुबडभाऊ, एक साधा प्रश्न. संध्याकाळी मोजे काढलेत की पायावर रबराचा वळ किती खोल उमटतो? आणि नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा, खड्डा राहतो का बघा.

मी तीस वर्षं वॉर्डात काढली. दिवसभर उभं राहून बसून पाणी घोट्यांत उतरतं. रात्री आडवं झालं की तेच पाणी परत रक्तात येतं, हृदयाकडे जातं, मूत्रपिंडाकडे जातं आणि पहाटेपर्यंत बाहेर पडतं. माणूस म्हणतो मी संध्याकाळनंतर घोटभर पण प्यालो नाही तरी एवढी कशी होते! अहो, ती सकाळी प्यायलेलीच आहे, पायात ठेवली होती.

घुबड५८
सिस्टर, आत्ता दाबून बघितलं. खड्डा आहे. दोन्ही पायांना, उजव्याला जरा जास्त. मोज्याचा वळ तर झोपेपर्यंत असतो, मी समजत होतो मोजे घट्ट आहेत म्हणून, दोनदा बदलले पण.

बीपीची गोळी अमलोडिपिन १० आहे, काही संबंध?

गोळीमास्तर
संबंध म्हणजे काय, चांगलाच असू शकतो. औषधांच्या काउंटरवर आयुष्य गेलंय. अमलोडिपिन लहान धमन्या सैल करतं, शिरा तेवढ्या सैल होत नाहीत, मग केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर पाझरतं आणि घोटे सुजतात. डोस वाढेल तसं हे वाढतं, ५ पेक्षा १० ला जास्त. सुजलेल्या घोट्याचं पुढे काय होतं ते सिस्टरनी सांगितलंच आहे. स्वतःच्या मनाने बंद करू नका, बीपी उसळलं तर लघवी हा सगळ्यात छोटा प्रश्न उरेल. डॉक्टरला फक्त एवढं सांगा की घोटे सुजतात आणि रात्री उठतो, दोन्ही एकाच दमात सांगा. लोक घोटे फिजिशियनला सांगतात आणि लघवी यूरॉलॉजिस्टला, दोघांची गाठ कधी पडत नाही.

डाययुरेटिक, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, घेणाऱ्यांनी पण वेळ विचारून घ्या. त्यातलं फ्युरोसेमाइड झोपेच्या सहा-एक तास आधी दिलं तर ते पाणी झोपायच्या आतच निघून जातं, रात्री घेतलं तर मग काय, जागरणच.

आणि प्रोस्टेटवाल्यांनो, सर्दीच्या गोळ्या जपून. स्यूडोएफेड्रिनने मूत्राशयाचं तोंड आवळतं, जुन्या पद्धतीच्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी मूत्राशय सुस्तावतं. सर्दी जाते आणि लघवी तुंबते. मोतीबिंदूचं ऑपरेशन असेल तर टॅमसुलोसिन घेतो किंवा घेत होतो हे डोळ्यांच्या डॉक्टरला आधीच सांगा, बुबुळ ढिलं पडतं, त्यांना तयारी ठेवावी लागते.

उलटी_गंगा
धागाकर्त्यांचा मूळ प्रश्न सगळे बाजूला सारतायत. शिरांच्या झडपांची गोष्ट हवेतली नाही. गॅट आणि गोरेन या इस्रायली संशोधकांनी २००८ मध्ये मांडलीय. नीट समजून घ्या.

वृषणातून रक्त वर नेणारी शीर लांबलचक आहे. डावी वर जाऊन मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, उजवी थेट महाशिरेला. माणूस दोन पायांवर उभा, म्हणजे रक्ताचा एवढा मोठा उभा स्तंभ. त्याला तोलून धरायला शिरेत एकेरी झडपा असतात. वयाबरोबर त्या निकामी झाल्या की स्तंभाचा सगळा भार खाली. मग वृषणातलं रक्त, ज्यात टेस्टोस्टेरॉन सामान्य रक्ताच्या कितीतरी पट असतं, ते सोपी वाट शोधतं आणि शेजारच्या शिरांच्या जाळ्यातून प्रोस्टेटमध्ये जातं. प्रोस्टेट त्या संप्रेरकावरच पोसतं, म्हणून वाढतं. त्यांनी शिरेत तार घालून त्या शिरा बंद केल्या आणि प्रोस्टेट लहान झालं, रात्रीचं उठणं कमी झालं. चार पायांच्या प्राण्यांत ही भानगड का नाही याचंही उत्तर यात मिळतं.

शंकासुर
चार पायांच्या प्राण्यांत नाही? म्हाताऱ्या कुत्र्यांना प्रोस्टेट वाढतं, पशुवैद्याला विचारा, खच्ची न केलेल्या नर कुत्र्यांत अगदी नेहमीची गोष्ट आहे. चार पायांवर चालतात, झडपांवर कसला भार नाही, तरी वाढतंच. स्तंभ तिथेच कोसळला.

खडूस
भू भू :))

उलटी_गंगा
कुत्र्याचं प्रोस्टेट वेगळ्या पद्धतीने वाढतं, सगळीकडून सारखं फुगतं, मागे आतड्यावर दाबतं. माणसाचं मूत्रमार्गाभोवतीच्या पट्ट्यात गाठी होऊन वाढतं. तुलना बरोबर नाही.

शंकासुर
हा मुद्दा मान्य, कुत्र्याला लघवीपेक्षा शौचाचा त्रास जास्त होतो हे खरंय. कुत्रा मागे घेतो.

पण मुख्य आक्षेप राहतोच. रुग्ण मोजके, आणि तुलनेला दुसरा गट नाही. रात्री किती वेळा उठलो हा आकडा असा आहे की नुसत्या आशेने कमी होतो. प्रोस्टेटच्या औषधांच्या चाचण्यांत साखरेची गोळी घेणाऱ्यांनाही बरं वाटतं, भरपूर बरं वाटतं. म्हणून दोन गट, चिठ्ठ्या टाकून वाटणी, असं झाल्याशिवाय मी शिरेत तार घालू देणार नाही. यूरॉलॉजीच्या मार्गदर्शक तत्त्वांत हा उपचार नाही, ते उगाच नाही. विचार सुंदर आहे पण सुंदर असणं आणि खरं असणं यात अंतर असतं.

सूक्ष्मदर्शी
भांडण रंगलंय पण एक गोष्ट दोघांनाही मान्य असावी, संप्रेरकाशिवाय प्रोस्टेट वाढत नाही. वयात येण्याआधी वृषणं काढली तर हा आजारच होत नाही. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी नावाचं दुसरं संप्रेरक बनतं आणि ते प्रोस्टेटला वाढवतं. १९७४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्या मुलग्यांत हे रूपांतर करणारं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. जन्मल्यावर मुली वाटतात, वयात येताना पुरुषी शरीर होतं आणि प्रोस्टेट मोठेपणीही छोटंसंच राहतं. तिथून धागा पकडून हेच एन्झाइम रोखणारं औषध फिनास्टेराइड आलं, १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी मंजूर झालं.

आता रक्तवाहिन्यांचं. शिरांपेक्षा धमन्यांची बाजू मला जास्त वजनदार वाटते. पोटातली मोठी धमनी खाली दुभंगते, तिच्या आतल्या फांद्या मूत्राशय, प्रोस्टेट आणि लिंग तिघांनाही रक्त पुरवतात. हृदयाच्या धमन्यांत चरबीचे थर साचतात तसे इथेही. सशांच्या या धमन्या मुद्दाम अरुंद करून बघितलं तेव्हा रक्तपुरवठा मध्यम कमी झाल्यावर मूत्राशय चिडकं झालं, अवेळी आकुंचन पावायला लागलं, आणि फारच कमी झाल्यावर उलट दुबळं होऊन आत तंतू साचले. माणसातही पोट सुटलेलं, साखर, बीपी, कोलेस्टेरॉल असा सगळा लवाजमा असलेल्यांत प्रोस्टेट मोठं आणि त्रास जास्त असं अनेक अभ्यासांत दिसतं. पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही, वय दोन्हीकडे हात घालून बसलेलं असतं.

टाडालाफिल ५ मिग्रॅ रोज, हे २०११ पासून अमेरिकेत प्रोस्टेटच्या त्रासासाठीही मंजूर आहे. तेच लिंगताठरतेचं औषध. नायट्रिक ऑक्साइडच्या मार्गाने वाहिन्या आणि स्नायू सैल करतं. एका औषधाने दोन्ही तक्रारी हलतात हा योगायोग नसावा. छातीत दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्यांनी मात्र त्याच्या वाटेला जायचंच नाही, बीपी धोकादायक कोसळतं.

उलटी_गंगा
मग मला हे सांगा सर. रक्त कमी पडल्याने बिघडतं म्हणता, आणि दुसरीकडे प्रोस्टेटची धमनी मुद्दाम बंद करून प्रोस्टेट लहान करतात, एम्बोलायझेशन. २००० साली रक्तस्राव थांबवायला एका रुग्णात केलं आणि प्रोस्टेटच आकसलं, तिथून ते सुरू झालं. रक्त तोडलं की बरं आणि रक्त कमी झालं की वाईट, हे कसं काय?

सूक्ष्मदर्शी
छान प्रश्न, वर्गात कोणी विचारत नाही. झाडाचं पाणी एकदम तोडलं तर फांदी मरते आणि वाळून आक्रसते, एम्बोलायझेशनमध्ये तेच होतं. पाणी वर्षानुवर्षं थोडं थोडं कमी पडलं तर फांदी मरत नाही, खुरटते, वाकडी होते, साल जाड होते. पेशी उपाशी राहून दाह आणि वाढीचे संदेश सोडत राहतात अशी मांडणी आहे. प्रोस्टेटबाबत ती अजून मांडणीच आहे, मूत्राशयाबाबत पुरावा बरा आहे.

गोळीमास्तर
यात एक इतिहास घालतो. टॅमसुलोसिन ज्या जातीचं, ते अल्फा ब्लॉकर मुळात बीपीची औषधं. प्राझोसिन, डॉक्साझोसिन वगैरे. वाहिन्यांच्या भिंतीत आणि प्रोस्टेटच्या स्नायूत एकाच घराण्यातले रिसेप्टर (औषध जिथे चिकटतं त्या जागा), म्हणून बीपीच्या गोळीने लघवी सुटली. सगळे खूश, एका दगडात दोन पक्षी. मग ऑलहॅट नावाच्या मोठ्या चाचणीत २००० साली डॉक्साझोसिनचा गट मध्येच थांबवावा लागला कारण क्लोरथॅलिडोन या बीपीच्या दुसऱ्या गोळीच्या तुलनेत हार्ट फेल्युअर दुप्पट दिसलं. तेव्हापासून प्रोस्टेटला अल्फा ब्लॉकर द्या पण बीपीची पहिली गोळी म्हणून नको, असं झालं. पक्षी दोन असले तरी दगड वेगळे लागतात.

जुनंखोड
आलो. माझं वय ७१. आठ वर्षांपूर्वी दुर्बिणीतून ऑपरेशन केलं, टीयूआरपी. धार अशी की शाळेतली आठवण झाली. पण रात्री आधी तीनदा उठायचो तो नंतर पण अडीचदा. सर्जनने आधीच बजावलं होतं की सगळ्या लक्षणांत रात्रीचं उठणंच ऑपरेशनने सगळ्यात कमी सुधारतं, मी कानाआड केलं. दोन वर्षांनी धाप लागायला लागली, इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तेव्हा कळलं हृदय नीट पंप करत नाहीये. हृदयाची औषधं चालू झाली आणि दोन महिन्यात रात्रीची एकच फेरी उरली. हृदयाच्या डॉक्टरांनी लघवी सुधारली, लघवीच्या डॉक्टरांनी नाही!

सूक्ष्मदर्शी
जुनंखोड, तुमच्या हृदयाचं कौतुक यासाठी की ते स्वतःच लघवीचं संप्रेरक बनवतं. हृदयाचे वरचे कप्पे ताणले गेले की एएनपी सोडतात आणि ते मूत्रपिंडांना सांगतं मीठ-पाणी बाहेर काढा. १९८१ मध्ये डी बोल्ड या संशोधकांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला आणि ते धो धो मुतायला लागले. तोवर हृदय म्हणजे नुसता पंप समजायचे.

रात्रपाळी
मग घोरणाऱ्यांचं पण सांगा ना कोणीतरी! माझं तेच निघालं. मी ४९ चा, तीनदा उठायचो, प्रोस्टेट चांगलं होतं. बायको म्हणाली तू लघवीसाठी उठत नाहीस, श्वास अडकून धडपडत जागा होतोस आणि जागा झालाच आहेस म्हणून जातोस. झोपेची तपासणी केली, स्लीप अ‍ॅप्निया. नाकावर मशीन लावून झोपायला लागलो, पहिल्या आठवड्यातच एकदा नाहीतर शून्य. डॉक्टरने समजावलं की बंद घशातून श्वास ओढताना छातीत पोकळी निर्माण होते, हृदयाचा कप्पा ताणतो, तेच एएनपी. हृदयाला वाटतं रक्त फार झालंय, खरं तर हवा कमी झालेली असते.

मीरा_
आई गं. माझे मिस्टर मलाच म्हणतात तू घोरतेस. मी मानत नव्हते.

आळणी
मीठ कोणी काढलंच नाही अजून? जपानमध्ये नागासाकीच्या डॉक्टरांनी रात्री उठणाऱ्या आणि जास्त मीठ खाणाऱ्यांना मीठ कमी करायला शिकवलं, २०१७ मध्ये परिषदेत मांडलं. ३२१ लोक. ज्यांना जमलं त्यांचं दिवसाचं मीठ सरासरी १०.७ ग्रॅमवरून ८ वर आलं आणि रात्रीचं उठणं २.३ वरून १.४ वर. ९८ जणांचं उलट वाढलं, ९.६ वरून ११, त्यांचं उठणं २.३ वरून २.७. शंकासुर, यातही चिठ्ठ्या टाकलेल्या नाहीत, माहितीय, पण मीठ कमी करायला शिरेत तार घालावी लागत नाही.

शंकासुर
हे चालेल. फुकट, बिनधोक आणि बीपीला पण बरं. माझा आक्षेप तारेला आहे, मिठाला नाही.

सूक्ष्मदर्शी
मीठ आणि बीपीचा दुवा असा. निरोगी माणसाचं बीपी झोपेत १० ते २० टक्के उतरतं. दिवसभराचं मीठ मूत्रपिंडांना दिवसा काढता आलं नाही तर ते रात्री काढायला दाब लागतो, मग रात्री बीपी उतरतच नाही आणि रात्रभर लघवी बनत राहते. म्हणून बीपी असलेला माणूस रात्री उठायला लागला तर २४ तासांचं बीपी मोजायचा विचार डॉक्टर करतात. दवाखान्यात सकाळी ११ वाजता बीपी छान येतं आणि रात्री ३ वाजता कोणी बघत नाही.

झाडपाला
सॉ पाल्मेटो घ्या, एका झाडाच्या फळांचा अर्क. नैसर्गिक. मला खूप फरक.

शंकासुर
२००६ मध्ये २२५ जणांवर वर्षभर, साखरेच्या गोळीएवढाच फरक. २०११ मध्ये डोस तिप्पटपर्यंत नेऊन बघितला, तरी तेवढाच.

झाडपाला
मला पडतोय म्हटलं ना.

तिरपागडे
झाडपालाभाऊ, तुमच्यासाठी साखरेची गोळी पण नैसर्गिकच :)

अवांतर : बसून करावी की उभ्याने यावर कोणी बोलेल का? घरात वाद आहे.

हिशोबनीस
यावर अभ्यास झालाय! नेदरलँड्समधल्या लायडेनच्या संशोधकांनी २०१४ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून बघितले. धडधाकट पुरुषांत फरक नाही, पण प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांत बसून केल्यावर मागे उरणारी लघवी थोडी कमी झाली. वहिनी जिंकल्या.

निवृत्त_सिस्टर
बसूनच करा, रात्री तर नक्कीच. झोपेतून ताडकन उठून उभ्याने करताना बीपी पडून बेशुद्ध पडलेले कितीतरी आणलेत आमच्याकडे. त्यात अल्फा ब्लॉकर चालू असेल तर जास्तच. पलंगाच्या काठावर मिनिटभर बसा, मग उठा. वाटेत मंद दिवा ठेवा, पायपुसणी काढून टाका. रात्रीच्या लघवीने कोणी मरत नाही, वाटेतल्या पायपुसणीने कंबरेचं हाड मोडतं.

आणि घरी बसून वही लिहीत राहायचं नाही अशा काही गोष्टी : लघवीतून रक्त, ताप, लघवी पूर्ण अडणं. म्हातारपणी नव्याने अंथरूण ओलं व्हायला लागलं तर लाजून लपवू नका, मूत्राशय तुंबून वरून सांडत असू शकतं आणि त्याचा दाब मूत्रपिंडांवर जातो. खूप तहान आणि खूप लघवी असेल तर साखर तपासा.

गोळीमास्तर
सिस्टरच्या यादीत माझी एक. डेस्मोप्रेसिन, म्हणजे ते व्हॅसोप्रेसिनचंच भावंड, रात्रीची लघवी कमी करायला देतात. काम करतं. पण रक्तातलं सोडियम उतरू शकतं, वय जास्त असेल तर जास्तच, म्हणून रक्त तपासत तपासतच द्यायचं असतं. शेजाऱ्याची गोळी घेऊन बघतो हा प्रकार इथे अजिबात नको. फिनास्टेराइडवाल्यांनी पीएसएचा रिपोर्ट वाचताना लक्षात ठेवा, सहा महिने-वर्षात आकडा साधारण निम्मा होतो, त्यामुळे "कमी आला" म्हणून नाचू नका.

घुबड५८
धागा वर काढतोय, सहा आठवडे झाले. वही ठेवली, मोजपात्र वेगळं आणलं.

तीन दिवसांची सरासरी : २४ तासांत १९५० मिली. रात्रीच्या तीन फेऱ्या २६०, २९०, १७० आणि सकाळची २१०, एकूण ९३०. म्हणजे जवळजवळ ४८ टक्के! मी झोपतो सात तास आणि निम्मा माल तेव्हाच तयार होतो. एका वेळचे आकडे बघता मूत्राशय बऱ्यापैकी धरतंय. इतके दिवस बिचाऱ्या प्रोस्टेटच्या नावाने खडे फोडले.

वही घेऊन गेलो. डॉक्टरांनी दोन मिनिटं वाचली, मग माझे घोटे दाबले, जे आजवर कोणी दाबले नव्हते कारण मी बूट काढलेच नव्हते. इको झाला, ठीक आहे. अमलोडिपिन बंद करून दुसऱ्या जातीची गोळी दिली. घरी सकाळ-संध्याकाळ बीपी मोजतोय, ताब्यात आहे. संध्याकाळी तासभर पाय उशीवर ठेवून पडतो, त्या वेळात एक फेरी होतेच, म्हणजे सिस्टर म्हणाल्या ते पायातलं पाणी झोपायच्या आधीच निघतंय. पोटरीपर्यंतचे दाबाचे मोजे दिवसा घालतो, चढवताना रोज कुस्ती. मीठ कमी केलंय, घरात नाराजी आहे. टॅमसुलोसिन चालूच.

आता दोनदा उठतो, आठवड्यातून एक-दोन रात्री एकदाच. परत मोजलं तेव्हा रात्रीचा वाटा ३६ टक्के. प्रोस्टेट तेवढंच असणार, ते मोजायला कोणी सांगितलं नाही. झोपेची तपासणी अजून बाकी आहे, बायकोने रात्रपाळी यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, घोरण्याच्या वाक्यावर दोनदा थांबून.

उलटी_गंगा
अभिनंदन. पण वृषणाच्या शिरा तपासल्या का?

घुबड५८
विचारलं हो तुमच्याखातर. उभं करून, जोर करायला लावून बघितलं, शिरा फुगलेल्या नाहीत म्हणाले.

उलटी_गंगा
हाताला न लागणाऱ्या असतात. डॉप्लर सोनोग्राफी लागते.

शंकासुर
सापडलं तर पुरावा, नाही सापडलं तर लपलेलं. वा!

मीरा_
मी पण मोजलं. २४ तासांत २४५०, रात्री १३० आणि १४०, सकाळी २२०. बरोबर २० टक्के. म्हणजे माझी मूत्रपिंडं रात्री शहाण्यासारखी वागतायत आणि मूत्राशयच एवढ्या-तेवढ्याला उठवतंय, की मी आधी जागी होते आणि मग जाते? घाम येऊन जाग येते बऱ्याचदा, पाळी जातानाचं ते चालू आहे. घुबडभाऊंची आणि माझी तक्रार शब्दाला शब्द सारखी होती आणि वहीत काहीच जुळेना. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पुढच्या आठवड्यात वही घेऊन जातेय. बायकांसाठी वेगळा धागा काढू का?

खडूस
काढा की. रात्री ३ ला काढा, वाचक जागेच असतात.